रात्रीच्या जेवणातील खिचडी : परंपरा, पोषण आणि पाककृती

रेंगाळत चाललेल्या कामाला मराठीत 'बिरबलाची खिचडी' म्हणण्याचा प्रघात आहे. उंच टांगलेल्या हंडीपर्यंत जाळाची धग पोहोचत नाही आणि त्यामुळे खिचडी काही केल्या शिजत नाही, अशी ती सर्वपरिचित कथा. प्रत्यक्षात मात्र खिचडीची ख्याती याच्या नेमकी उलट आहे. दिवसभराचे काम आटोपून घरी परतल्यावर, भाजी चिरण्याचे वा पोळ्या लाटण्याचे त्राण उरलेले नसताना, अर्ध्या-पाऊण तासात गरम जेवण पानात वाढता येते ते खिचडीमुळेच. प्रवासाहून परतल्यावर, आजारपणात, पावसाळी रात्री किंवा पोटाला जरा विश्रांती द्यावी असे वाटते तेव्हाही भारतातील असंख्य घरांत हाच पदार्थ आठवतो.

खिचडी साधी असली तरी ती करताना केलेल्या लहानसहान निवडींना महत्त्व आहे. डाळ किती आणि तांदूळ किती, सोबत काय वाढले आणि उरलेली खिचडी कशी ठेवली, यांवर ते जेवण परिपूर्ण होते की केवळ मऊ भाताची थाळी ठरते, हे अवलंबून असते. लहान मुले आणि आजारी माणसे यांच्या बाबतीत तर हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा मुळीच नाही.

नाव आणि इतिहास

'खिचडी' या शब्दाचे मूळ संस्कृतमधील 'खिच्चा' या शब्दात असल्याचे मानले जाते. तांदूळ, तीळ आणि मूग यांपासून होणाऱ्या 'कृसर' किंवा 'कृशरा' नावाच्या पदार्थाचे उल्लेखही प्राचीन वाङ्मयात आढळतात. चौदाव्या शतकात भारतात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने तांदळासह शिजविलेले मूग तूप घालून खाल्ले जातात आणि त्या पदार्थाला 'किश्री' म्हणतात, असे नोंदवून ठेवले आहे. पंधराव्या शतकात बहामनी राज्यात येऊन गेलेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन याच्या प्रवासवर्णनातही खिचडीचा उल्लेख येतो. तो मात्र घोड्यांच्या खुराकाच्या संदर्भात.

अकबराच्या काळातील 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात अबुल फजलने शाही स्वयंपाकघरातील खिचडीचे प्रमाण दिले आहे. तांदूळ, डाळ आणि तूप हे तिन्ही जिन्नस प्रत्येकी पाच शेर, असे ते प्रमाण आहे. जितकी डाळ तितकेच तूप, ही चैन राजवाड्यालाच परवडणारी होती. सतराव्या शतकात भारतात अनेक वेळा आलेला फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हर्निये याने मात्र डाळ, तांदूळ आणि तूप यांचे हे मिश्रण सामान्य माणसाचे संध्याकाळचे जेवण म्हणून नोंदविले. म्हणजेच बादशहाच्या दस्तरखानावर आणि कष्टकऱ्याच्या चुलीवर एकाच नावाचा पदार्थ शिजत होता. फरक होता तो तुपाच्या प्रमाणाचा.

इंग्रजी अमदानीत हा पदार्थ समुद्रापार गेला. ब्रिटनमध्ये 'केजरी' या नावाने त्याने वेगळेच रूप धारण केले. तेथे डाळ वगळली गेली. तिच्या जागी धुरावलेला मासा आणि उकडलेली अंडी आली आणि रात्रीचा पदार्थ न्याहारीचा झाला.

प्रांतोप्रांतीची खिचडी

भारताच्या नकाशावर खिचडीची रूपे पाहू लागल्यास तेथील पीकपाण्याचा आणि हवामानाचा परिचय आपोआप होतो. बंगालमध्ये मुगाची डाळ आधी खमंग भाजून मग सुगंधी गोविंदभोग तांदळासह शिजविली जाते. पावसाळ्यात तिच्यासोबत तळलेली हिलसा मासळी असते, तर सरस्वती पूजेच्या दिवशी तीच खिचडी शाकाहारी नैवेद्य होते. तामिळनाडूतील वेण पोंगल म्हणजे तांदूळ आणि मूगडाळ यांना मिरी, जिरे, आले, काजू आणि तूप यांची जोड दिलेली खिचडीच होय. कर्नाटकातील बिसी बेळे भात या नावाचा अर्थच 'गरम डाळभात' असा आहे. तो तुरीच्या डाळीचा असतो आणि त्यात चिंच, भाज्या व खास मसाला पडतो.

राजस्थान आणि हरियाणात हिवाळ्यात बाजरी कांडून तिची खिचडी केली जाते. गुजरातेत खिचडी आणि कढी हे रात्रीचे नित्याचे जेवण आहे. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये मकर संक्रांतीच्या सणालाच 'खिचडी' म्हणतात. त्या दिवशी गोरखपूरच्या गोरखनाथ मंदिरात भाविक डाळ-तांदूळ अर्पण करतात. दही, पापड, तूप आणि लोणचे हे खिचडीचे चार सोबती, ही म्हणही त्याच भागातील. हैदराबादेत मसुरीची खिचडी, खिमा आणि आंबट पातळ 'खट्टा' यांची न्याहारी प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्रातही एकच एक खिचडी नाही. खानदेशात तुरीच्या डाळीची, लसूण व तिखट घातलेली खिचडी आणि तिच्यावर कच्चे तेल घेण्याची पद्धत आहे. कोकणात व मुंबईच्या परिसरात सोललेल्या वालांची खिचडी होते. पश्चिम महाराष्ट्रात मुगाची खिचडी, तूप, भाजलेला पापड आणि लिंबाचे लोणचे असा बेत असतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत शेजारच्या प्रांतांच्या चवीही मिसळल्या आहेत. साबुदाण्याची खिचडी केवळ नावाने या कुळातील आहे. तीत डाळही नसते आणि तांदूळही नसतो.

खिचडीचे हे सर्वदूर अस्तित्व लक्षात घेऊनच ४ नोव्हेंबर २०१७ रोजी दिल्लीतील 'वर्ल्ड फूड इंडिया' मेळाव्यात एकाच कढईत ९१८ किलो खिचडी शिजविण्यात आली आणि तिची गिनीज विक्रमात नोंद झाली. त्या वेळी खिचडीला 'राष्ट्रीय पदार्थ' घोषित केले जाणार असल्याची चर्चा पसरली होती. हा उपक्रम केवळ विक्रमासाठी असल्याचे तत्कालीन अन्नप्रक्रिया उद्योगमंत्री हरसिमरत कौर बादल यांना स्पष्ट करावे लागले.

डाळ आणि तांदूळ यांची जोडी

प्रथिने अनेक अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी काही आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदूळ, गहू यांसारख्या धान्यांत लायसीन नावाचे अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते. परंतु मेथिओनीन हे गंधकयुक्त आम्ल कमी असते. धान्यांत नेमके हेच त्या मानाने अधिक असते. त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, पिठले-भाकरी, इडली-सांबार आणि मऊ भातावरचे मेतकूट या सर्वांत हेच तत्त्व आहे. खिचडीत ते एकाच भांड्यात साधले जाते.

मात्र जोडी जमण्यासाठी डाळ पुरेशी असावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत दोन हजार किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारासाठी सुमारे २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी, कडधान्ये किंवा मांसाहारी पदार्थ आणि ४०० ग्रॅम भाज्या असे प्रमाण सुचविले आहे. याचा अर्थ तीन भाग धान्यास एक भाग डाळ हे किमान मानावे. महागाईच्या दिवसांत पहिली कात्री लागते ती डाळीलाच. २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेला होता, तेव्हा अनेक घरांतील वरण पातळ झाले. अशा वेळी एकाच डाळीवर अवलंबून न राहता मूग, मसूर, हरभरा, चवळी असा आलटून पालटून वापर करणे हिताचे ठरते.

शालेय पोषण आहाराचा विचारही याच जोडीवर आधारलेला आहे. केंद्राची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. २०२१ पासून 'पीएम पोषण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत प्राथमिक वर्गातील मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाज्या असे प्रमाण ठरविलेले आहे. महाराष्ट्रातील खेडोपाडी या भोजनाला बराच काळ 'शाळेतली खिचडी' असेच म्हटले गेले.

शिजण्यामागील विज्ञान

डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात. उष्णता व पाणी यांमुळे पेक्टिन विरघळते आणि डाळ गळते. आंबट पदार्थांत ही क्रिया मंदावते. म्हणून चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ शिजण्यापूर्वी अधिक प्रमाणात घातल्यास ती कणीदार राहते. पाणी जड असल्यास, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार जास्त असल्यासही डाळ लवकर शिजत नाही. डाळ अर्धा तास आधी भिजविल्यास वेळ आणि इंधन दोन्ही वाचते. सालाच्या डाळीला किंवा अख्ख्या मुगाला त्याहून अधिक काळ भिजवावे लागते.

उघड्या भांड्यात पाण्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. त्यामुळे शिजण्याचा वेळ निम्म्याहून कमी होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ याने १६७९ मध्ये या तत्त्वावर चालणारे भांडे तयार केले होते. बिरबलाच्या हंडीला जे साधले नाही, ते कोंडलेल्या वाफेने असे साधले.

खिचडी शिजताना फेस येतो. म्हणून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. तो जास्त भरल्यास शिट्टीतून पिवळे पाणी उडते आणि वाफेचा मार्ग तुंबण्याचा धोकाही संभवतो. घरगुती कुकरसाठी आयएसआय चिन्ह २०२१ पासून बंधनकारक आहे. कुकर घेताना आणि त्याची झडप बदलताना याची खात्री करून घ्यावी.

फोडणीचे कार्यही समजून घेण्याजोगे आहे. जिरे, हिंग, हळद यांतील सुगंधी आणि रंगद्रव्ये पाण्यापेक्षा तेला-तुपात सहज विरघळतात. म्हणून ती गरम तुपात टाकल्यावर त्यांचा वास आणि रंग सबंध खिचडीत पसरतो. भारतीय फोडणीत अपरिहार्य असलेला हिंग मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान येथून येतो. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या सीएसआयआर संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये हिंगाची रोपे लावून देशांतर्गत लागवडीस प्रारंभ केला.

चौघांसाठी खिचडी आणि कढी

साहित्य : तांदूळ २०० ग्रॅम, मुगाची डाळ १०० ग्रॅम, तूप दोन मोठे चमचे, जिरे एक लहान चमचा, हिंग चिमूटभर, हळद अर्धा लहान चमचा, किसलेले आले, दोन हिरव्या मिरच्या, चार-पाच मिरी, चवीनुसार मीठ. गाजर, मटार, दुधी किंवा पालक यांपैकी जे घरात असेल ते एक-दोन वाट्या.

कृती : डाळ व तांदूळ एकत्र तीन-चार वेळा धुऊन अर्धा तास भिजत ठेवावेत. पाच लिटरच्या कुकरमध्ये तूप तापवून जिरे, मिरी, हिंग, मिरच्या, आले आणि हळद या क्रमाने घालावे. त्यावर भाज्या व निथळलेले डाळ-तांदूळ घालून दोन मिनिटे परतावे. मग गरम पाणी व मीठ घालावे. मोकळ्या खिचडीस पाऊण लिटर, मऊ खिचडीस सव्वा लिटर आणि अगदी आसट हवी असल्यास दीड लिटर पाणी लागते. तीन शिट्ट्या झाल्यावर आच मंद करून पाच मिनिटे ठेवावे. वाफ आपोआप जिरू द्यावी. झाकण बळेच उघडू नये. वाढताना वरून तूप घ्यावे आणि लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

मऊ खिचडीसाठी आंबेमोहोर किंवा तत्सम बुटका, चिकटसर तांदूळ उत्तम. लांब दाण्याचा जुना तांदूळ मोकळा राहतो. तो मसालेभातासाठी राखून ठेवणे इष्ट.

कढीसाठी एक वाटी आंबट दही, दोन वाट्या पाणी आणि एक चमचा बेसन एकत्र घुसळावे. आले, मिरची, कढीपत्ता व जिरे यांची तुपातील फोडणी देऊन मंद आचेवर सतत ढवळत तापवावे आणि शेवटी मीठ व किंचित साखर घालावी. बेसनातील पिष्ठामुळे दह्यातील प्रथिनांच्या गाठी होत नाहीत. आच मोठी केल्यास किंवा ढवळणे थांबविल्यास मात्र कढी फुटते.

वरील प्रमाणात चौघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला डाळ-तांदळातून सुमारे दहा ग्रॅम प्रथिने येतात. प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज साधारणपणे पन्नास ग्रॅमच्या आसपास असते. म्हणूनच खिचडीसोबत कढी, दही, शेंगदाण्याची चटणी किंवा उकडलेले अंडे असावे. पापड-लोणच्याने चव येते. परंतु ती कमतरता भरून निघत नाही. शिवाय त्यांतील मीठ लक्षात घेऊन रक्तदाब असलेल्यांनी ते बेतानेच घ्यावे. मधुमेह असलेल्यांसाठी डाळीचे प्रमाण तांदळाइतके करावे, भाज्या वाढवाव्यात किंवा तांदळाऐवजी दलिया, भगर वा ज्वारीच्या कण्या योजाव्यात आणि वाढणीवर लक्ष ठेवावे.

बाळाचे आणि आजाऱ्याचे अन्न

बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर स्तनपानासोबत वरचे अन्न सुरू करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अनेक घरांत या वेळी वरणाचे किंवा भाताचे पाणी देण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्या पाण्याने बाळाचे इवलेसे पोट भरते; पण त्यातून ऊर्जा आणि प्रथिने फारच थोडी मिळतात. त्याऐवजी मऊ शिजविलेली, चांगली घोटलेली आणि चमच्यावरून ओघळून न जाणारी दाट खिचडी तूप घालून द्यावी, यावर आहारतज्ज्ञांचा भर असतो. एक वर्षापर्यंत तीत मीठ घालू नये. दाटपणा हाच येथे पोषणाचा निकष आहे.

आजारातून उठलेल्या माणसालाही हेच लागू पडते. पहिल्या दिवशी पातळ खिचडी ठीक असली तरी भूक परतू लागताच ती दाट करावी आणि डाळ वाढवावी. पथ्याच्या नावाखाली आठवडेच्या आठवडे केवळ पेज घेतल्यास अशक्तपणा लांबतो.

उरलेल्या खिचडीबाबत दक्षता

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. ते शिजविल्यावरही टिकून राहतात. शिजलेला भात किंवा खिचडी तासन्‌तास उबदार जागी राहिल्यास हे जिवाणू वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही पूर्णपणे नष्ट होत नाही. त्यामुळे उरलेली खिचडी पसरट भांड्यात काढून लवकर निववावी, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावी. फ्रीजची सोय नसल्यास तेवढ्यापुरतीच खिचडी करणे श्रेयस्कर.

स्वयंपाकाची वाटणी

खिचडीचे कौतुक करताना ती कोण शिजवतो, हा प्रश्न टाळता येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. २०१९ मध्ये हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ मिनिटे होते. शिवाय २०१९ च्या पाहणीत ८१.२ टक्के स्त्रिया या कामांत सहभागी होत्या. पुरुषांचे प्रमाण २६.१ टक्के होते. या कामांत स्वयंपाक हा रोजचा आणि न चुकणारा भाग होय. दमून आलेल्या माणसासाठी खिचडी सोयीची आहे, असे म्हणताना त्या घरातील दमून आलेली दुसरी व्यक्तीच ती शिजवत असते, हे अनेकदा विसरले जाते.

या दृष्टीने खिचडीचा आणखी एक उपयोग आहे. स्वयंपाकाचा सराव नसलेल्याला शिकण्यासाठी याहून सोपा पदार्थ क्वचितच सापडेल. पोळी गोल येण्यासाठी हात बसावा लागतो; खिचडीला केवळ प्रमाण, पाणी आणि थोडा धीर लागतो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी जाणाऱ्या मुलामुलींना ती घरूनच शिकवून पाठविल्यास एकाच भांड्यात त्यांचे रात्रीचे पोटभर जेवण होऊ शकते. आठवड्यातील दोन रात्री जरी घरातील वेगवेगळ्या व्यक्तींनी खिचडीची जबाबदारी घेतली, तरी स्वयंपाकघरातील एकीचा भार तेवढा हलका होईल आणि पानात डाळही न चुकता येईल.